आजचं चिंतन : वाणीचं तप (गीता १७.१५)

बोलणं खरं असावं, पण प्रिय, हिताचं आणि न दुखवणारं, असं गीता सांगते. मला यातलं पहिलंच जमतं.

रोह्याला धाटाव एमआयडीसीत साइटवर जेवताना सहकारी म्हणाला, “परप्रांतीयांनी आपल्या नोकऱ्या खाल्ल्या.” मी पेणचा. सगळ्यांसमोर सुनावलं, “आमचे गणपती परदेशात जातात, ते तिकडे परप्रांतीय होऊन राहिलेल्या आपल्याच माणसांसाठी ना? पेणच्या कारखान्यांना त्यातूनही काम मिळतं.” तो गप्प झाला.

नंतर कळलं, ठेकेदाराने त्याच्या भावाला काढून कमी रोजावर बाहेरचा मजूर घेतला होता. म्हणजे खरं त्याचंही होतं.

माझं मत बदललेलं नाही, आणि गप्प बसणं म्हणजे काही तप नव्हे. पण दुसऱ्या दिवशी डबा उघडताना आधी विचारलं, “भावाचं काय झालं रे?” मग बराच वेळ आम्ही ठेकेदाराच्या रोजाबद्दलच बोललो.