पायाखालचा दगड

मुर्ध्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उतरले, तरी आपलेच पाऊल आपल्याला दिसत नाही. तिवरांमधून आलेले ते गढूळ पाणी. पायाखाली काय आले याचा हिशेब तिथे कोण ठेवतो? तीच सवय घेऊन मी दिवाळीनंतर मालवणला गेलो. पावसाळ्यातला गाळ बसून पाणी निवळले होते. सिंधुदुर्गाजवळ तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून पालथा तरंगलो. निळे-पिवळे मासे पाहता पाहता दमलो, आणि समोरच्या एका खडकावर खुशाल उभा राहिलो.

“काकानू, पाय काडा! तां जिवंत आसा!” होडीवरचा पोरगा ओरडला.

ते प्रवाळ होते. इवल्या इवल्या प्राण्यांची ती वसाहत. तिचे गोलसर दगडी घर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. माझ्या टाचेखाली किती वर्षे चिरडली, कोण जाणे!

ठाऊक नव्हते, ही सबब खाडीत चालली असती. इथे तळ लख्ख दिसत होता. पैसे मोजून पाहायलाच तर मी आलो होतो! पण माशांचे रंग टिपणाऱ्या डोळ्यांना तेवढा तो दगडच वाटला. कारण त्या घटकेला मला दगडच हवा होता. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, हे त्या पोराला माहीत होते. मी विचारलेही नव्हते. न कळत घडलेल्या अपराधाला क्षमा असते म्हणतात. पण ते न कळणे आपल्या सोयीचे असेल तर?

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलो. दमल्यावर होडीचा दोर धरला.