पाचवे शील आणि आरोपीचा हक्क

पाचवे शील पाळणाऱ्या माणसाने दारू पिऊन मोटार चालवल्याचा आरोप असलेल्याच्या हक्काची बाजू घ्यावी काय? प्रश्न अवघड आहे. फुटपाथवर झोपलेला मजूर चिरडला गेला की त्याच्या बायकामुलांचा आक्रोश ऐकून ‘कसले हक्क नि कसले काय!’ असे कुणीही म्हणेल. पण संतापाच्या भरात निवाडा करणे ही धम्माची शिकवण नव्हे.

प्रथम शीलाचा अर्थ पाहू. ते नुसते दारूला नावे ठेवीत नाही. दारूने येणाऱ्या प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर बोट ठेवते. घरात पिणारा आपल्या संसाराचे वाटोळे करतो. पिऊन मोटार हाकणारा अनोळखी माणसाच्या जिवावर उठतो. म्हणून कायद्याने आडवे येणे रास्तच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतात. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड १०,००० रुपये झाला. सबळ कारणावाचून तपासणी नाकारली तर ते कोर्टात आरोपीच्या विरोधात धरता येते.

परंतु हाच कायदा पोलिसांनाही मर्यादा घालतो. कलम २०२ खाली अटक झालेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावे लागते. तो इस्पितळात असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी कळवल्याशिवाय नमुना मागता येत नाही.

ही मद्यप्याला दिलेली सूट आहे काय? मुळीच नाही. तोंडाला वास आला, तोल गेला, एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. आजारी माणसाचाही तोल जातो. तपासणी वेळेवर झाली तर दोषी सुटत नाही आणि निर्दोष अडकत नाही. शिवाय मालकाला वकील मिळतो. पगारी ड्रायव्हरला कायद्यातील ही दोन ओळींची तरतूदच काय ती आधार असते.

पुराव्यावाचून गुन्हेगार ठरणे म्हणजे काय, हे या देशातील तळच्या माणसाला सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले; तो कायदा १९५२ साली गेला. अटकेचे कारण कळावे, वकिलाचा सल्ला घेता यावा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले जावे, हे हक्क बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे मांडले. आज ते कलम २२ मध्ये आहेत. हेच बाबासाहेब १९५६ साली नागपूरला दारू न पिण्याची प्रतिज्ञा देतात. यात विसंगती कुठे आहे?

विनयातली कथाही हेच सांगते. सागत नावाचे भिक्षू कोसंबीत दारू पिऊन नगराच्या वेशीत पडले. तथागतांनी संघाला विचारून मद्यपानाविरुद्ध नियम केला. मात्र विनयाच्या रीतीप्रमाणे, ज्याच्या कृत्यावरून नियम झाला त्या पहिल्या माणसाला त्या नियमाचा दोष लागत नाही. कृत्याचा निषेध झाला, पण मागाहूनचा नियम माणसावर लादला नाही.

शील मी स्वतःला लावतो. शिक्षा राज्य दुसऱ्याला देते. शिलात मी स्वतःशी कितीही कठोर व्हावे. दुसऱ्याला शिक्षा देताना मात्र पुरावा हवा, रीत हवी. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा कायदाही वस्तीत समजावून सांगावा. मेलेल्याला न्याय आणि आरोपीला न्याय हे दोन न्याय नव्हेत.