भिंतीवरची जागा

कर्जतच्या बाजारात फोटोला फ्रेम करायला दिली की दुकानदार आधी माप घेतो आणि मग विचारतो, "लावणार कुठं?" आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, म्हणून त्याला ते विचारावं लागतं. प्रश्न धंद्याचाच, पण मला तो फार आवडतो. जागा ठरली की चित्र घरातलं होतं. नाहीतर ते महिनोन्‌महिने कपाटामागे पडून राहतं.

मुंबईच्या केकू गांधींची आठवण यावरून होते. 1920 सालचा जन्म, पारशी घर. केंब्रिजला शिकत असताना सुट्टीत घरी आले, तोच महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहिलं. 1941 मध्ये त्यांनी 'केमोल्ड' या नावानं फ्रेमचा धंदा सुरू केला. आता, फ्रेम दाखवायची तर आत काहीतरी हवंच! प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात त्यांनी आरा, हुसेन अशा त्यावेळच्या नव्या चित्रकारांची चित्रं लावली. गिऱ्हाईक यायचं फ्रेमसाठी, नजर जायची चित्रावर. पुढे 1963 मध्ये पत्नी खोर्शेद यांच्यासोबत त्यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर 'गॅलरी केमोल्ड' उघडली. चित्रं विकून सुरुवातीला फार काही हाती लागत नसे. फ्रेमच्या कमाईनं गॅलरीला सांभाळलं. सत्तरच्या दशकात याच गॅलरीत डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं लागली. लग्नाच्या चौकासाठी बायका घरातल्या भिंतीवर काढत आलेली ही कला शहरातल्या भिंतीवर गेली, आणि चित्राशेजारी चित्रकाराचं नाव लागलं. 2011 मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. केकू 2012 मध्ये गेले. त्यांची लेक शिरीन आजही फोर्टमध्ये ती गॅलरी चालवते.

केकूंच्या कामातली मला भावलेली गोष्ट अगदी साधी आहे. त्यांनी आपल्या दुकानातली जागा दुसऱ्याच्या कामाला दिली. "छान आहे हं" असं आपण सगळेच मनापासून म्हणतो. त्यापुढे एक पाऊल टाकलं की समोरच्याला किती बळ येतं, हे लेकरांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

आज कामाला निघण्याआधी घरात जरा नजर फिरवा. मुलीनं शाळेतून आणलेलं चित्र दप्तरात चुरगळत असेल, तर ते फ्रिजच्या दारावर लावा. सासूबाईंनी शिवलेली गोधडी पेटीत घडी घालून ठेवली असेल, तर ती पाहुण्यांच्या खोलीतल्या खाटेवर अंथरा. आणि खोपोलीच्या कारखान्यात तुमच्या पाळीत कुणाचं अक्षर सुंदर असेल, तर सूचनाफलक आज त्याच्याकडून लिहून घ्या. खाली कोपऱ्यात त्याचं नावही येऊ द्या.