तीन फुटी फाटक

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहतो. तेथील घरांच्या मागे हिरवळीचे परस असते व त्याभोवती लाकडी कुंपण. गवत वाढू दिले तर शेजारी कुरकुरतात आणि पुष्कळ गावांत नगरपालिकेची नोटीसही येते. स्वतःचे परस कापून शेजारची दोनतीन कापून द्यावीत, चार पैसे मिळतील, या विचाराने त्याने मागून चालत चालवायचे, रुंद पात्यांचे एक वापरलेले यंत्र एका ठेकेदाराकडून विकत घेतले. यंत्र घरी आल्यावर दोन गोष्टी त्याच्या ध्यानी आल्या. त्याने फोनवरून विचारले, "मामा, तो माणूस माझ्याशी खोटे बोलला का?"

प्रश्न साधा होता. उत्तर देताना आम्ही अडखळलो.

पहिली गोष्ट रुंदीची. पात्यांवरचे लोखंडी कवच, ज्याला तिकडे डेक म्हणतात, ३६ इंचांचे. फाटकही ३६ इंचांचे. आकडे जुळले म्हणून भाचा निश्चिंत होता. परंतु फाटकाच्या मापातून बिजागऱ्या व कडी यांची जागा वजा होते आणि कवचाच्या मापात कापलेले गवत बाहेर फेकणारी बाजूची झडप धरलेली नसते. झडप वर दुमडूनही यंत्र कुंपणाबाहेरच राहिले. भाच्याने सौद्याच्या वेळी कुंपणाचा उल्लेख केला होता. वर्षानुवर्षे लोकांची परसे कापणारा तो ठेकेदार गप्प राहिला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अशा यंत्राच्या मुठीवर एक खटका असतो. तो दाबून धरला तरच पाते फिरते. घरगुती वापराच्या यंत्रांबाबत अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, की हात सुटल्यावर पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे; ठेकेदारांच्या मोठ्या यंत्रांनाही अशीच कळ असते. कारण उघड आहे. ओले गवत अडकते, माणूस ते काढायला चटकन हात घालतो, आणि बोटे जातात. या यंत्राचा खटका प्लास्टिकच्या पट्टीने कायमचा बांधलेला होता. "हात दुखत नाही," असे विकणाऱ्याने हसत सांगितले होते. भाच्याने पट्टी पाहिली होती. तिचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. 'सुम्मा थिऑलॉजिया'त खरेदीविक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष सर्वांना दिसतो. किंमत त्या मानाने कमी घेतली असेल तर विक्रेत्याने तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही. वस्तू या ग्राहकाला निरुपयोगी पण दुसऱ्याला उपयोगी असेल, तरी तोच न्याय. मात्र दोष लपलेला असेल आणि त्यातून नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे हे त्यांचेच उदाहरण.

या मोजमापाने रुंदीच्या बाबतीत ठेकेदार बहुधा सुटतो. त्याचे मौन कोतेपणाचे होते, अन्यायाचे नव्हे. टेप घेऊन फाटक मोजणे हे भाच्याचे काम होते. पट्टीचे तसे नाही. ती डोळ्यांसमोर होती, मग दोष उघड म्हणायचा का? आम्हांला तसे वाटत नाही. डोळ्याला दिसते ते सारे समजतेच असे नाही. घोड्याचा आंधळा डोळा पोरालाही कळतो. बांधलेला खटका जाणकारालाच कळतो, आणि त्या सौद्यात जाणकार एकच होता. त्याने वर त्या दोषाला सोय असे नाव दिले.

भाच्याला एवढे सांगून आम्ही फोन ठेवला, आणि आमची जुनी स्कूटर आठवली. ती थंड असताना सुरू होत नसे. गिऱ्हाईक सकाळी नऊला येणार होते, म्हणून आम्ही साडेआठला तिला गावाबाहेर फिरवून तापवून आणली. त्याने किक मारली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, तो खूश झाला. आम्ही एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. वापरलेले यंत्र घेताना इंजिनाला आधी हात लावून पाहावा, ते गरम असेल तर सावध व्हावे, असे जाणते लोक सांगतात ते का, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. त्या गृहस्थाचा शोध घेण्याचे आमच्या मनात कधी आले नाही. संत थॉमस तर म्हणतात, की ज्याला दोष ठाऊक नव्हता तो विक्रेता निर्दोष असला तरी दोष कळल्यावर त्याने भरपाई करावी. आम्हांला तर पहिल्यापासून ठाऊक होते.

पुढच्या फोनवर भाच्याने वेगळाच प्रश्न काढला. यंत्र आता त्याला विकायचे होते. "मला मिळाले तसेच देतो. मी कुठे पट्टी बांधली?" आम्ही म्हणालो, "तुला मिळाले तेव्हा ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे." यावर तो बराच वेळ बोलला नाही. स्कूटरची गोष्ट आम्ही त्याला तेव्हाच सांगितली. सांगणे सोपे नव्हते.

गेल्या रविवारी कळले, की त्याने पट्टी कापून टाकली आहे. खटका गंजलेला निघाला. दुरुस्तीला पैसे गेले. एक ग्राहक येऊन गेला. भाच्याने त्याला आधी त्याच्या फाटकाचे माप विचारले. ते ३६ इंच होते. तो आभार मानून परत गेला. यंत्र अजून गॅरेजमध्येच आहे.