राजाच्या खांद्यावरचं मढं

माझे चुलते मुंबईला गिरणीत होते. गणपतीला गावी येताना त्यांच्या पिशवीत 'चांदोबा'चे जुने अंक असायचे. मद्रासचं हे मासिक १९५२ पासून मराठीत निघू लागलं होतं. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी चित्राभोवती दाटी करायची. वेताळाच्या गोष्टीचं चित्र ठरलेलं. रात्रीचं स्मशान, आणि डोक्यावर मुकुट, हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं मढं घेऊन निघालेला राजा विक्रम. 'शंकर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांच्या हातचं ते. गोष्ट मात्र फार जुनी; अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ती 'कथासरित्सागरा'त घेतली.

आजीला त्या चित्राचं भारी नवल. "अगं बया, राजा म्हनायचा आन् मढं सोताच वाहतोय? चार मानसं न्हाईत व्हय त्याला?"

चित्राची मेख तिनं बरोबर धरली होती. मढ्याला चार खांदे लागतात. इथं एकच आहे, आणि तोही मुकुटवाल्याचा. मान ज्याला, ओझंही त्यालाच. तलवार नुसती हातात. वेताळाचा पेच जिभेचा आहे. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. बोललास तर मढं पुन्हा झाडावर.

आमच्या भावकीत एकदा बांधाचा तंटा झाला. दगड कुणी सरकवला ते आज्याला ठाऊक होतं. सरकवणारा त्याचाच सख्खा भाऊ. पंचांनी विचारलं. आजा जरा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "दगूड दोन हात हिकडं आलाय." त्या साली पेरणीला भावाचे बैल आले नाहीत. जन्मभर राखलेली एकी एका वाक्यानं मोडली.

खरं बोलून चांगलं काम मोडत असेल, तर गप्प राहणं धर्म की अधर्म? वेळ बघून बोलावं, असं शहाणी माणसं सांगतात. वेताळ ती सवलत देत नाही. मला वाटतं, त्याचंच खरं. ज्याला निवाडा विचारलाय, त्याचं गप्प बसणं हाही निवाडाच, आणि तो दगड सरकवणाऱ्याच्या बाजूनं. मोडलेलं काम पुन्हा करता येतं. राजा न कुरकुरता झाडाकडं वळतो. फुटलेलं डोकं मात्र सांधत नाही.

आजा पुढं दर सणाला भावाच्या दारात जायचा. कधी पाणी मिळायचं, कधी नाही. पण जायचा.