नकाराचा मान: टँगोचा शिष्टाचार आणि देशाचार

एखादा शिष्टाचार परक्या समाजात रुजताना त्यातले काय बदलले तरी चालते आणि काय बदलल्यास त्याचा प्राणच जातो, हा नीतिविचारातला जुना प्रश्न टँगो या नृत्याच्या प्रवासात विशेष स्पष्टपणे समोर येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्वेनोस आयरेस आणि मोंतेविदेओ या बंदरांतील गरीब वस्त्यांमध्ये, युरोपीय स्थलांतरित आणि आफ्रिकी गुलामांचे वंशज यांच्या सहवासातून हे नृत्य घडले, आणि अनोळखी व्यक्तींनी एकमेकांना मिठीत घेऊन नाचायचे असल्याने त्याच्याभोवती नियमांची बारीक चौकट उभी राहिली.

मिलोंगा, म्हणजे टँगोची नृत्यसभा, परंपरेने चालते तेव्हा पुरुष स्त्रीपुढे जाऊन हात पसरत नाही. तो दुरूनच तिची नजर शोधतो, ती मिळाल्यास मान किंचित हलवून विचारतो आणि तिनेही तसाच होकार दिला तरच जागेवरून उठतो. ‘काबेसेओ’ नावाच्या या रीतीत नको असणाऱ्याने नजर वळवली की पुरे, कारण मागणीच उघड झालेली नसल्यामुळे नकाराने कोणाचीही मानहानी होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक गट, म्हणजे ‘तांदा’, संपला की ‘कोर्तिना’ हा निराळ्या संगीताचा तुकडा वाजतो आणि जोड्या सुटतात. त्यामुळे निरोपालाही कारण द्यावे लागत नाही.

फिनलंडमध्ये टँगो १९१०च्या दशकात पोहोचला आणि पुढे इतका आपलासा झाला की सेइनायोकी येथे १९८५ पासून त्याचा मोठा महोत्सव भरतो. परंतु तिथल्या नृत्यमंडपांनी आपली ग्रामीण रीत सोडली नाही. तिथे पुरुष उघडपणे चालत जाऊन विचारतो, सामान्यतः लागोपाठ दोन गाणी एकत्र नाचली जातात आणि विनाकारण नकार देणे असभ्य समजले जाते. याची भरपाई म्हणून काही फेऱ्यांत मागणी करण्याचा हक्क स्त्रियांकडे जातो. ही भरपाई खरी असली तरी अर्धीच आहे, कारण निवडीचा अधिकार वाटून घेतल्याने नाकारण्याचा अधिकार मिळत नाही.

कन्फ्यूशियसच्या वचनांचा संग्रह असलेल्या ‘लुन्यू’च्या नवव्या भागात या प्रश्नाला उपयोगी पडणारा विवेक आढळतो. विधीप्रमाणे टोपी भांगेच्या तंतूंची हवी असताना लोक रेशमी वापरू लागले, तेव्हा ती काटकसरीची म्हणून त्याने बदल स्वीकारला. मात्र राजाला पायऱ्यांखालून वंदन करण्याऐवजी लोक वर चढून करू लागले, तेव्हा त्यात उद्दामपणा दिसल्याने, बहुमताविरुद्ध जाऊनही, त्याने जुनीच रीत पाळली. विधीमागील भावाला धक्का लागतो का, एवढीच त्याची कसोटी होती.

ही कसोटी लावली तर स्त्री-पुरुषांना समोरासमोर बसवणे किंवा पुरुषानेच पुढाकार घेणे या गोष्टी देशाचार ठरतात, म्हणजे त्या त्या प्रदेशापुरत्या रूढी. २००१ मध्ये हांबुर्गला भरलेल्या क्विअर टँगोच्या महोत्सवापासून भूमिकांची अदलाबदल रूढ होत गेली, तीही याच अर्थाने निर्दोष आहे. परपुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडवणे जिथे निर्लज्जपणाचे मानले जाते, किंवा जिथे नर्तकाची दृष्टी अधू आहे, तिथे काबेसेओचा आग्रह धरणे हा उलट अन्याय होईल आणि शब्दांनी विचारणेच योग्य ठरेल. मात्र असा बदल करताना, विचारलेल्या व्यक्तीला कारण न देता आणि अपराधी न वाटता नाही म्हणता येण्याची सोय त्या समाजाने स्वतःच्या रीतीने उभारली नसेल, तर त्याने टँगोची पावले घेतली, पण शिष्टाचार घेतला नाही, असेच म्हणावे लागते.