किती देते?

मराठी माणूस दुसऱ्याच्या नव्या गाडीजवळ उभा राहिला, की तिचा रंग, तिची किंमत, ती घ्यायला काढलेलं कर्ज, यांपैकी काहीही विचारण्याआधी एकच प्रश्न विचारतो : "किती देते?" पूर्वी हा प्रश्न म्हशीच्या गोठ्यात विचारला जायचा. विचारणाऱ्याची नजर तीच आणि उत्तरातली थापही तीच. म्हशीचा मालक दोन लिटर वाढवून सांगायचा, गाडीचा मालक दोन किलोमीटर वाढवून सांगतो. फरक एवढाच, की म्हैस खरोखरच काहीतरी देते. गाडी नुसती पिते. तरी आपण तिला दातृत्वाचं क्रियापद बहाल केलेलं आहे.

आणखी एक गंमत पाहा. लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते, याला शिकलेली मंडळी मायलेज म्हणतात. पण गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत चालतो तो शब्द 'ॲव्हरेज'. म्हणजे सरासरी. मला यात मोठं शहाणपण दिसतं. गाडीबद्दल बरंवाईट बोलायचं तर सरासरीवरून बोलावं, एका क्षणावरून बोलू नये, हे आपण नाव ठेवतानाच ठरवून टाकलं होतं.

हे शहाणपण गाड्या बनवणाऱ्यांनी घालवलं. आमच्या गाडीत वेगाच्या काट्याशेजारी एक चिमुकली खिडकी आहे. तिच्यात ॲव्हरेजचा आकडा उमटतो, पण तो सरासरीचा नव्हे, त्या घटकेचा. आत्ता ज्या हिशेबाने पेट्रोल जळतंय, त्याच हिशेबाने जळत राहिलं तर एका लिटरात किती जाल, एवढंच ती सांगते. सिग्नलला उभे राहा : शून्य. निघा : चार. वेग धरा : चौदा. पाय उचला : अठ्ठावीस. तेवढ्यात रिक्षा आडवी येते आणि पुन्हा सहा. सौभाग्यवती शेजारी बसून हे आकडे मोठ्याने वाचतात. "अहो, चार! अहो, काय करताय काय?" मी काहीच करत नसतो. सिग्नल सुटला म्हणून निघालेलो असतो.

इथवर सहन केलं. पण एका पावसाळ्यानंतर ही खिडकी अगदीच भ्रमिष्टासारखं करू लागली. सरळ, मोकळा रस्ता, एकसारखा वेग, आणि आकडा वीसवरून शून्यावर, शून्यावरून वीसवर. गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही, उलट मलाच विचारलं, "साहेब, आकडा पडतो तेव्हा स्पीडचा काटा काय करतो?"

हा प्रश्न मला वैद्याने नाडी धरल्यासारखा वाटला. कारण त्यांनी मग समजावून सांगितलं ते असं : टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत पेट्रोल मोजणारं माप बहुतेक गाड्यांत नसतंच. इंजेक्टर नावाची बारीक तोटी दर खेपेला किती वेळ उघडी राहिली, यावरून गाडीतला संगणक पेट्रोलचा अंदाज बांधतो. गाडी किती अंतर गेली, ते त्याला चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्सवरचा सेन्सर कळवतो. अंतराला पेट्रोलने भागलं, की झाला आकडा. तेव्हा खिडकीवर टिचक्या मारून उपयोग नाही. तिला बातम्या पुरवणारे जे दोघे, त्यांतला कोण चुकतोय ते बघायचं. आकड्याबरोबर स्पीडचा काटाही पडत असेल, तर अंतराची बातमी तुटते आहे. काटा स्थिर, आकडा मात्र नाचतोय आणि इंजिनही आचके देतंय, तर पेट्रोलच्या बाजूला शोधायचं.

आमचा काटा पडत होता. वेगाच्या सेन्सरच्या प्लगमध्ये पाणी शिरून हिरवट गंज धरला होता. मिस्त्रींनी तो साफ केला, घट्ट बसवला आणि गाडी सपाट रस्त्यावर काढली. वरचा गिअर, साठचा वेग, पाय स्थिर. आकडा एकोणीस ते एकवीसच्या आत शहाण्या मुलासारखा बसून राहिला. "परीक्षा नेहमी सपाटीवर घ्यायची," मिस्त्री म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही कोयनेकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो. उतारावर गाडी गिअरमध्ये असते आणि पाय उचललेला असतो. अशा वेळी संगणक तोट्या बंदच करतो. पेट्रोल शून्य, अंतर मात्र चालूच. शून्याने भागायचं म्हणजे उत्तर अनंत. अनंत त्या खिडकीत मावत नाही, म्हणून आमची गाडी ९९.९ वर हात जोडून उभी राहते. सौभाग्यवतींना भरून आलं. येताना तोच घाट, तीच गाडी, तोच ड्रायव्हर, आकडा पाच. "जाताना एवढी गुणाची होती, आता काय झालं हिला?" वर पोचल्यावर त्यांनी मिस्त्रींना फोन लावायला सांगितला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "वहिनींना सांगा, तो बिघाड नाही, तो घाट आहे."

मी या वाक्यावर बरेच दिवस विचार करतो आहे. खिडकीला पेट्रोल कळतं, चाक कळतं. रस्ता कळत नाही. चढावर ती गाडीला उधळी ठरवते आणि उतारावर संत. शिवाय या संतपणाची किंमत किती असते, तेही हिशेब मांडून पाहण्यासारखं आहे. समजा, दहा किलोमीटर चढ पाचच्या ॲव्हरेजने चढलात आणि दहा किलोमीटर उतार ९९.९ ने उतरलात. आकड्यांची बेरीज करून दोनने भागलं तर बावन्नच्या वर येतं, आणि माणूस खूश होतो. पण खरं पेट्रोल मोजा. चढाला दोन लिटर, उताराला जेमतेम दहावा हिस्सा लिटर. वीस किलोमीटरला दोन पूर्णांक एक दशांश लिटर, म्हणजे ॲव्हरेज साडेनऊ. उतारावर मिळवलेल्या पुण्याने चढावरचा खर्च भरून निघत नाही.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा आणखी वेगळा. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या अशा चाचण्या करते. गाडीची चाकं रोलरवर फिरतात, वेग ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे वाढतो आणि उतरतो. दोन गाड्यांची तुलना करायची तर ते योग्यच आहे. पण तिथे ना घाट, ना खड्डे, ना लग्नाहून परतणाऱ्या मावशींची बोचकी. ज्या जगात चढच नाही, त्या जगातलं ते प्रमाणपत्र.

आता गाडीवरून जरा माणसांवर येतो. आमच्या सोसायटीच्या सभेत एका सभासदांनी ठराव मांडला, की वॉचमनला पगारातून उचल देणं बंद करावं. "दर महिन्याला बारा तारखेला हात पसरतो. पैसा जपायची सवय नाही या लोकांना." हे गृहस्थ स्वतः कमालीचे काटकसरी. आलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब लिहितात. पण त्यांचा ब्लॉक वडिलांनी घेतलेला, पेन्शन सरकारचं, मुलगा स्कॉलरशिपवर शिकून मार्गी लागलेला. काटकसर खरीच आहे. तिच्यावर मी शंका घेत नाही. पण पाय उचलला तरी गाडी चालते, असा त्यांचा रस्ता आहे. वॉचमनची खोली भाड्याची, गावी म्हातारी आई, मुलगी नर्सिंगला. पाय कदाचित यांच्याहून हलका असेल. आकडा पाचच येणार. आणि ठराव पास झाला असता, तर त्या महिन्यातली मुलीची फी अडकली असती.

आमच्या खजिनदारबाई अशा वेळी भाषण करत नाहीत. त्यांनी रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. सहा वर्षांतल्या सगळ्या उचली, आणि त्यांच्यासमोर पगारातून वळत्या झालेल्या रकमा. एक रुपया बाकी नव्हता. ठराव मांडणाऱ्यांनी दोन पानं उलटली, चष्मा पुसला आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

त्या रजिस्टरालाच मोटारीच्या भाषेत टाकी ते टाकी म्हणतात. टाकी गळ्याशी भरायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा, चार-पाचशे किलोमीटर हिंडायचं, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरायची, आणि गेलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागायचं. एकदा नाही, तीन-चारदा. यात चढ येतो, उतार येतो, पाहुणे येतात. खिडकीतला आकडा पाहून निकाल देणं सोपं. वही उघडायला वेळ लागतो. म्हणून माणसांच्या बाबतीत ती सहसा कोणी उघडत नाही.

पण इथे एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. "चढ होता हो!" हे वाक्य कुणालाही म्हणता येतं. टायरमध्ये हवा कमी, डावा पाय कायम क्लचवर टेकलेला, टपावरचा कॅरिअर दिवाळीपासून रिकामाच फिरतोय, आणि दोष घाटाला. चढ आपल्या हातात नसतो, हवा असते. कुठलं काय, हे ठरवायला मिस्त्रींची रीत चांगली आहे. सपाटीवर या, पाय स्थिर ठेवा आणि मग आकडा बघा. माझ्या मते नीती एवढीच आहे : स्वतःचा आकडा सपाटीवर तपासावा, आणि दुसऱ्याचा आकडा वाचण्याआधी त्याचा रस्ता पाहावा. आपण नेमकं उलट करतो. आपला आकडा पडला की रस्त्याकडे बोट, दुसऱ्याचा पडला की ड्रायव्हरकडे.

हे सगळं मी घरी एकदा सविस्तर सांगितलं. सौभाग्यवतींना ते पटलं, आणि त्याचा परिणाम लगेच दिसून आला. आता चढ लागला की त्या खिडकीकडे पाहत नाहीत. बाहेरची झाडं बघतात, "असू दे, चढ आहे," असं उदार मनाने म्हणतात. सपाटी लागली, की मात्र पदर सावरून नीट बसतात, चष्मा लावतात, आणि खिडकीवर बोट ठेवून म्हणतात, "हं, आता बोला."